सहावी-सातवीच्या मुलांनी भाषण स्वतः कसं लिहावं, आणि वादविवाद या वयात जमतो का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय: "स्पर्धेसाठी भाषण मीच लिहून देते. मुलं पाठ करतात आणि स्टेजवर मधेच अडकतात. प्रतिभा कारंजी (कर्नाटकातल्या शाळांची कलागुण स्पर्धा) जवळ आली की दरवर्षी हेच. मुलांना स्वतः लिहायला कसं शिकवू? आणि या वयात वादविवाद घेता येईल का?"

मॅडम, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. घेता येईल. कबड्डीत आउट होता की नव्हता यावर हीच मुलं मधली सुट्टी संपेपर्यंत भांडतात, साक्षीदार आणतात, जुने दाखले देतात. त्याला थोडी रीत लावायची, एवढंच. ती कशी लावायची ते पुढं सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुम्ही लिहून देणं थांबवा. हेडसरांना नंबर हवा असतो, पालकांना फोटो हवा असतो, हे सगळं ठाऊक आहे. तरीही थांबवा. आता तर पालक मोबाईलवरून तयार भाषण उतरवून आणतात आणि एकाच क्लस्टरच्या स्पर्धेत तीन शाळांची मुलं तेच भाषण म्हणतात, त्याच चारोळीसकट. परीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दुसऱ्या ओळीत कळतं की हे कुणाचंही नाही.

अडकण्याबद्दल एक निरीक्षण सांगतो. मूल वाक्याच्या मधे सहसा अडकत नाही. एक परिच्छेद संपून दुसरा सुरू होतो तिथं अडकतं. वाक्यातले शब्द एकमेकांना ओढून आणतात, पण या परिच्छेदानंतर तोच परिच्छेद का, हे मुलाला माहीत नसतं, कारण तो क्रम तुम्ही लावलेला असतो. स्वतः लावलेला क्रम विसरणारं मूल मी क्वचितच पाहिलंय. म्हणजे तुमचे दोन्ही त्रास एकाच जागी आहेत. स्वतः लिहायला लागली की अडकणंही बरंचसं कमी होतं.

सुरुवात कुठून करायची? वही उघडून नक्कीच नाही. आधी मुलाला म्हणणं सापडायला हवं. स्पर्धेच्या पत्रकात येतो तो विषय: 'पाणी हेच जीवन', 'लोकमान्य टिळक', 'माझी शाळा'. नुसत्या विषयावर निबंध होतो. भाषणाला एक म्हणणं लागतं, जे ऐकणारा घरी जाऊन आईला एका वाक्यात सांगू शकेल. मी मुलांना तेवढंच विचारतो, "तुझं भाषण ऐकून मी घरी गेलो. घरात विचारलं, काय म्हणाली ती पोरगी? मी काय सांगू?" मुलीला याचं उत्तर देता येईपर्यंत पेन हातात घ्यायचं नाही.

टिळकांचंच बघा. 1 ऑगस्टला आपल्याकडच्या शाळाशाळांत शेंगांची टरफलं सांडलेली असतात. भाषण टरफलांपासून निघतं ते थेट 'जन्मसिद्ध हक्क' या स्टेशनावर थांबतं. मधलं आयुष्य गायब. आणि बेळगावच्या मुलाच्या हाताशी तर असा मजकूर आहे जो रत्नागिरीच्या मुलालाही मिळायचा नाही. एप्रिल 1916 मध्ये टिळकांनी होमरूल लीग सुरू केली ती बेळगावात. मंडालेहून सुटून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती, वय साठीला टेकलेलं, अंगात मधुमेह. यातून सातवीच्या मुलाला म्हणणं सापडतं: "सहा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस साठीच्या उंबरठ्यावर नव्यानं कामाला लागला, आणि ते काम आमच्या बेळगावातून सुरू झालं." मग टरफलं आपोआप गळतात, त्यांना जागाच उरत नाही.

तसंच 2 ऑक्टोबरचं. गांधीजी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात. त्या वेळची काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे, मुलांना नेऊन दाखवता येते. आणि 26 जानेवारीला तर तुम्हाला तालुक्याबाहेर जायचीही गरज नाही. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना तुमच्याच तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली ती 26 जानेवारी 1831 रोजी. प्रजासत्ताक दिनाच्या भाषणात हे सांगणारं खानापूरचं मूल माझ्यासमोर आलं तर मी कान टवकारीन.

आता लिहिण्याकडं येऊ. माझी पद्धत अशी की मूल आधी बोलतं, दुसरं मूल ते टिपतं आणि मग पहिलं मूल लिहितं. बाकावर शेजारी बसलेल्या दोघांच्या जोड्या करा. एकानं दोन मिनिटं सांगायचं, दुसऱ्यानं त्यातली आवडलेली तीन वाक्यं जशीच्या तशी टिपायची, सुधारून नाही. ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांना पहिल्यांदा कन्नडमध्येच सांगू द्या, टिपणारा मराठीत टिपेल. आपल्या मुलांना दोन्ही येतं, उगीच अडवू नका.

एक उदाहरण जवळून दाखवतो. विषय 'पाणी हेच जीवन'. एका मुलीनं घरून लिहून आणलं होतं: "पाणी हे निसर्गाने मानवाला दिलेले अनमोल वरदान आहे. पाण्याशिवाय सजीवसृष्टीची कल्पनाही करता येत नाही. पृथ्वीचा एकाहत्तर टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे." यात खोटं काही नाही, पण तिचं असंही काही नाही. वही बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, "घरी पाणी कोण भरतं?"

"आई. उन्हाळ्यात आजी पण."

"कुठून?"

"बोअरला. लाइन असते सर."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात दारातच असतं की सर पाणी! वाहून जातंय नुसतं."

"कुठं जातं?"

जरा विचार करून म्हणाली, "मलप्रभेत." मग स्वतःच पुढं, "ती सौंदत्तीच्या धरणात जाते."

शेजारणीनं एवढंच टिपलं होतं: दारातच असतं की पाणी, वाहून जातंय नुसतं, उन्हाळ्यात आजी पण. त्यावरून दुसऱ्या दिवशी ती लिहून घेऊन आली:

"जूनमध्ये आमच्या गावात पाऊस लागला की छत्री वाळत नाही. मलप्रभा नदी आमच्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. आणि एप्रिल महिन्यात माझी आजी रिकामी घागर घेऊन बोअरजवळ बसलेली असते. पाणी आमच्याकडे येतं, पण थांबत नाही. ते थोडं थांबवायचं असेल तर काय करावं लागेल, हे मी पंचायतीत जाऊन विचारून आले."

शेवटचं वाक्य लिहिलं म्हणजे पंचायतीत जाणं आलं. गेली, वडिलांना घेऊन. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी ओढ्यावरच्या बंधाऱ्याबद्दल आणि उतारावरच्या चरांबद्दल जे सांगितलं, ते तिनं वहीत आणलं. पंचायतीचे कागद कन्नडमध्ये असतात, तिला ते वाचता आले. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना आले असते. पुस्तकातल्या एकाहत्तर टक्क्यांनी ऐकणाऱ्याला काहीच होत नाही. गावच्या ओढ्यावर बंधारा आहे की नाही, या एका गोष्टीनं सगळं सभागृह मान वर करतं.

भाषेबद्दल. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, कारण गुणपत्रकात 'भाषाशुद्धी' असा रकाना असतो आणि मुलाचे गुण आपण का घालवायचे? पण आजी जे बोलली ते आजीच्या तोंडचंच राहू द्या. "बाय, पाणी गेलंय की गं" याचं "मुली, पाणी संपले आहे" करून टाकलं की आजी मेली समजा. माझ्या अनुभवात चांगले परीक्षक यासाठी गुण कापत नाहीत, उलट दोन जास्त देतात.

लांबी: या वयाच्या मुलाला तीन मिनिटांत तीनशे ते सव्वातीनशे शब्द नीट बोलता येतात. त्यापेक्षा जास्त दिलं की मूल धावतं. वाक्याची लांबी मोजायला दम पुरतो. एका दमात वाक्य संपलं नाही तर त्याची दोन वाक्यं करायची, हे मुलांना लगेच कळतं आणि ती एकमेकांच्या वह्या तपासायला लागतात. आकडे एक किंवा दोन, जास्त नाहीत.

'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती' याला घड्याळ लावून बघा. भाषणातला चांगला वेळ तिथंच जातो, आणि ऐकणारा तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला लागतो. पूर्ण काढू नका, जुन्या वळणाचे परीक्षक असतात. 'अध्यक्ष, गुरुजन आणि मित्रहो' पुरे. शेवटचं 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' मात्र बिनधास्त काढा. शेवटी मुलानं आपलं म्हणणंच मागणीच्या रूपात सांगावं: "येत्या ग्रामसभेत तुमच्यापैकी एकानं तरी बंधाऱ्याचा विषय काढा."

पाठांतर अजिबात नको असं मी म्हणत नाही. पहिलं वाक्य पाठ, शेवटचं पाठ, आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर नेणारी जोडवाक्यं पाठ. मुलं अडकतात ती नेमकी त्या जोडावर, म्हणून तेवढंच घट्ट करायचं. मधलं सगळं सांगायचं, म्हणायचं नाही. तळहाताएवढ्या कार्डावर पाच शब्द: छत्री, कणकुंबी, आजी, ओढा, ग्रामसभा. सरावात कार्ड हातात, स्पर्धेत खिशात.

हावभावांवर फार वेळ घालवू नका. 'आकाश' म्हणताना हात वर आणि 'धरणी' म्हणताना हात खाली, हे बंद केलं की निम्मं काम झालं.

आता वादविवाद. याला मी जास्त जागा देणार आहे, कारण भाषणाचे तास शाळाशाळांत होतात, वादविवादाचे होत नाहीत. स्पर्धेत वादविवाद झालाच, तर त्यात प्रत्येकाला फक्त आपलं भाषण म्हणायचं असतं. अनुकूल बाजूचा मुलगा येऊन म्हणतो, प्रतिकूलची मुलगी येऊन म्हणते, दोघांनी एकमेकांचं ऐकलेलंच नसतं. ही तर एकाच विषयावरची दोन भाषणं झाली.

ठराव निवडताना एक कसोटी: वर्गात हात वर करायला सांगितल्यावर दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी हात हवेत. 'झाडे लावावीत' याला प्रतिकूल बाजू नाही. 'मोबाईल शाप की वरदान' झिजून गेलाय. सीमाप्रश्न घेऊ नका. तो 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथंच असू द्या. घराघरात त्यावर मत ठरलेलं आहे आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला चिठ्ठी काढून त्याच्या घराविरुद्ध उभं करणं बरं नाही. मी हमखास घेतो तो ठराव असा: 'सभागृहाचे मत असे आहे की, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत डॉल्बी बंद करावा.' बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठल्याही वर्गात हा ठेवा, छप्पर उडतं. ठरावात 'नको', 'नसावा' हे शब्द टाळा. नकारार्थी ठराव असला की अनुकूल म्हणजे कोण आणि प्रतिकूल म्हणजे कोण, यातच मुलांचा तास जातो.

पहिल्या तासाला कुणी वाद घालायचा नाही. पानाच्या मधोमध रेघ, दोन्ही बाजूंचे मुद्दे प्रत्येकानं लिहायचे. आपल्या आवडीच्या बाजूपेक्षा नावडत्या बाजूचा मुद्दा एक तरी जास्त हवा. मुलं कुरकुरतात, पण लिहितात. बाजू ठरते स्पर्धेच्या दिवशी, चिठ्ठी काढून.

दुसऱ्या तासाला पुरावा. "डॉल्बीनं माणसं मरतात" असं कुणीतरी म्हणतंच. कोण मेलं, कुठं, कधी? सांगता येत नसेल तर वाक्य खोडायचं. त्याऐवजी नियम शोधायला लावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात. अनुकूल बाजू खूश होते. मग सांगा की अजून वाचा. त्याच नियमांत आहे की सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले 15 दिवसांपर्यंत रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. आता प्रतिकूल बाजू खूश. स्वतःच्या फायद्याची ओळ वाचून पान मिटायचं नाही, हे मुलं अशीच शिकतात. नुसतं सांगून शिकत नाहीत.

तिसरा तास खंडनाचा, आणि खरा वेळ इथंच द्या. नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी इतकं नीट सांगायचं की त्यानं "हो, हेच म्हणालो मी" असं कबूल करावं. मगच उत्तर. सुरुवातीला हे फार जड जातं. प्रतिकूल बाजूचा मुलगा म्हणाला, "डॉल्बीमुळं ऑपरेटरला, लाइटवाल्याला, जनरेटरवाल्याला काम मिळतं." अनुकूलची मुलगी उठून म्हणाली, "हे चूक आहे. आरोग्य महत्त्वाचं आहे." हे खंडन नव्हे. कामाचा मुद्दा तसाच उभा राहिला, तिनं फक्त आपलं पुन्हा म्हटलं. तिला बसवून लिहायला लावलं. तिनं लिहिलं: "विरोधी बाजू म्हणते, डॉल्बीमुळं तीन-चार जणांना काम मिळतं. मिळतं, मान्य. पण डॉल्बी नसला तरी मिरवणूक निघणारच, तिला ढोल-ताशा लागणार, आणि ढोल-ताशाच्या पथकात त्याहून कितीतरी जास्त माणसं लागतात." मान्य केलं, आणि मान्य करूनच मुद्दा फिरवला. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठला. "ढोल-ताशाचा आवाज पण 55 च्या वर जातो की सर. मग तो पण बंद करणार काय?"

वर्ग गप्प. मुलीकडं उत्तर नव्हतं, आणि ते मी दिलं नाही. घंटा झाली, उत्तर उद्या लिहून आणा म्हटलं. दुसऱ्या दिवशी तीन वेगळी उत्तरं आली. एकानं लिहिलं होतं, ढोलही शाळा-दवाखान्यापाशी बंद ठेवावा. एकानं लिहिलं, ढोल वाजवणारा दमतो, मशीन दमत नाही. तिसऱ्यानं बाजूच बदलली. तिन्ही वाचून घेतली.

गावच्या वर्गात एक अडचण नक्की येईल, आधीच सांगून ठेवतो. "तुझे वडीलच मंडळाचे अध्यक्ष आहेत, तू काय डॉल्बी बंद करणार?" असं कुणीतरी बोलेल. पहिल्याच दिवशी नियम करा: नाव, घर, आडनाव, गल्ली काढायची नाही. समोरच्याला नावानं न हाकारता 'विरोधी बाजू' म्हणायचं. हा नियम मोडला तर लगेच गुण कापा, समज देत बसू नका.

आणखी एक, मुलींना नेहमी पहिलं भाषण आणि मुलांना नेहमी खंडन, अशी वाटणी आपोआप होते. पाठांतर मुली चांगलं करतात अशी आपली समजूत. मुद्दाम उलटी करून बघा.

ऐकण्याचा सरावही लिहिण्यातच धरा. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथं मराठी साहित्य संमेलनं भरतात. जवळच्या गावचं असेल तर चार मुलांना घेऊन जा आणि परत येताना बसमध्ये एकच प्रश्न विचारा: वक्त्याचं म्हणणं काय होतं, एका वाक्यात? कधी कधी मुलं प्रामाणिकपणे सांगतात, "काहीच नव्हतं सर." तेही लिहून ठेवायला सांगा. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावच्या सुवर्ण विधानसौधाच्या गॅलरीत जायची संधी मिळाली तर सभापती वेळ कसा देतात, मधे बोलणाऱ्याला कसं थांबवतात, तेवढं बघून आलेलं पुरे. गोंधळ बघून यायचा धोका आहे, पण तो असू द्या.

जी मुलं स्टेजला घाबरतात त्यांना ओढून उभं करू नका. वादविवादाच्या संघाला वह्या धुंडाळून पुरावा काढणारा, समोरच्याचे मुद्दे भराभर टिपून चिठ्ठी पुढं सरकवणारा लागतोच. माझ्या बघण्यात उत्तम खंडन लिहिणारी मुलं बहुतेक वेळा हीच असतात. वर्षभर चिठ्ठ्या सरकवून झाल्या की त्यातलं एखादं स्वतःहून उठतं, एखादं नाही उठत.

तुमची या वर्षीची स्पर्धा तोंडावर असेल तर सगळं एकदम बदलू नका. लिहून दिलेलं भाषण घ्या, त्यातला मधला एक परिच्छेद कापा आणि ती जागा मुलाला द्या. त्यानं पाहिलेली, घरी विचारून आणलेली एक गोष्ट तिथं त्याच्या शब्दांत येऊ दे. जोडवाक्यं मात्र त्यालाच लिहायला लावा. बाकीचं पुढच्या जूनपासून सहावीच्या वर्गात सुरू करा, सातवीला ती मुलं तयार मिळतील.